गच्चीची किल्ली

मी एक जुना वाटा आहे. वाटणीत मिळतो तो वाटा नव्हे. गच्चीची जमीन जिथे संपते आणि कठड्याची भिंत जिथे सुरू होते, त्या कोपऱ्यात सिमेंटचा एक गोलसर उतार केलेला असतो. पावसाचे पाणी कोपऱ्यात बसून भिंतीत शिरू नये, घरंगळून पुढे जावे आणि पाइपातून खाली उतरावे, एवढ्यासाठी तो असतो. गवंडी त्याला वाटा म्हणतात. तुम्ही त्याला काहीच म्हणत नाही, कारण तुम्ही त्याच्याकडे कधी पाहिलेलेच नाही.

मित्रांनो, तुम्ही शाळेत फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त लिहिता, तुटक्या बाकाचे लिहिता, आणि बाई खाली ‘छान’ असा शेरा देतात. माझे कुणी लिहिले नाही, म्हणून मीच सांगतो. मला गोड बोलता येत नाही. इतकी वर्षे उन्हात भाजून आणि पावसात भिजून कुणाची जीभ गोड राहात असेल तर ती मला दाखवा. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला वाईट वाटले तर वाटू द्या. वाईट वाटण्यासारखीच ती आहे.

मुलुंड पूर्वेला ‘शेजारसुख’ नावाची चार मजल्यांची सोसायटी आहे. नावावर जाऊ नका. तिथल्या गच्चीवर धाकू नावाच्या गवंड्याने मला घडवले. आधी त्याने कोपरा तासला, धुऊन काढला, मग माल भरत आणि थापीने दाबत तो चारही बाजूंनी फिरला. शेवटी सोड्याच्या बाटलीचे बूड माझ्या अंगावरून फिरवून त्याने मला गुळगुळीत केले आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवले. गोणपाट काढल्यावर कुणीतरी बादलीभर पाणी ओतून पाहिले. ते माझ्यावरून सरसर पुढे गेले, एक थेंबही मागे राहिला नाही. सगळे ‘झकास’ म्हणाले आणि जेवायला निघून गेले. त्यानंतर माझे कौतुक करणारा एकच माणूस मला भेटला, त्याचे नाव लवू.

चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या कोपऱ्यात, लवू आणि रत्नप्रभा राहायला आले. माणसे कणकवलीकडची. लवूचे वडील गिरणीत होते, लवू स्वतः वीज कंपनीत वायरमन होता. त्यांना एकच मुलगी, श्रुतिका. त्यांची आतली खोली बरोबर माझ्याखाली येई. पश्चिमेचा पाऊस आमच्या कोपऱ्यावर आडवा येऊन आदळतो, म्हणून मी धड राहिलो तर लवूची भिंत कोरडी आणि मला तडा गेला तर लवूची भिंत ओली, असा आमचा साधा हिशेब होता. लवूला लहानपणापासून दमा होता. ओल त्याला अजिबात सोसत नसे.

म्हणून दर मे महिन्यात, गावी जायच्या आधी, लवू गच्चीवर येई. तारेच्या ब्रशने माझ्यावरचे शेवाळ खरवडी, बारीकसारीक तडे सिमेंटने भरी, लोकांनी डिश बसवताना पाडलेली भोके बुजवी आणि त्या लोकांना आईवरून शिव्या घाली. मग बादलीभर पाणी ओतून उकिडवा बसून पाहात राही. तोवर रत्नप्रभा चहा घेऊन येई. तो एक घोट घेऊन म्हणे, “आता वरीसभर बघूक नको.” माझ्या आयुष्यातली शाबासकी ती एवढीच. पण ती दरवर्षी मिळत होती आणि मला पुरत होती.

बाकीचे रहिवासी कोजागिरीला वर येत, मसाला दूध पीत, चंद्र पाहात आणि प्लास्टिकचे पेले माझ्या कुशीत टाकून खाली जात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या डोक्यावर पाणी पडते त्यालाच छपराची आठवण येते.

पुढे इमारत जुनी झाली आणि खाली गेटपाशी एक वाक्य जन्माला आले. ‘पुढच्या वर्षी पाडायचीच आहे.’ मित्रांनो, मुंबईच्या उपनगरात राहात असाल तर हे वाक्य तुम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकले असेल. बिल्डर येणार, जुनी इमारत पाडून टॉवर होणार, प्रत्येकाला मोठे घर मिळणार, मग आता दुरुस्ती कशाला करायची? जिन्यातला दिवा गेला, पुढच्या वर्षी पाडायचीच आहे. नळ गळतो, पाडायचीच आहे. भिंतीला रंग नाही, पाडायचीच आहे. हे म्हणता म्हणता श्रुतिका शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून नोकरीला लागली, पण ते पुढचे वर्ष काही उजाडले नाही. इतकी शहाणी, शिकलेली माणसे स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर कुजताना इतक्या आनंदाने पाहू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते.

सोसायटीचे सेक्रेटरी होते विद्याधरराव. बँकेतून निवृत्त झालेले. ते आणि त्यांची बायको उत्तरा चौथ्याच मजल्यावर, पण पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली राहात. सगळे त्यांना अहो-जाहो करत, म्हणून मीही करतो. लवू त्यांच्याच वयाचा, पण त्याला सगळे अरे-तुरे करत. विद्याधररावांनी कधी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्याचा श्वास कोंडायला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांना फार आधी कळले होते.

ते रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत आणि फोनवर बोलत. एकदा माझ्यासमोर उभे राहून ते बिल्डरच्या माणसाला समजावत होते. तोंडाने सगळेच ‘पाडायचीच आहे’ म्हणत, पण सह्या द्यायला अर्धे लोक तयार नव्हते. पण इमारत धोकादायक ठरली, तर कुणाच्या हो-नाहीचा प्रश्नच उरत नव्हता, सगळ्यांना बाहेर पडावेच लागले असते. माझ्यातल्या एका बारीक तड्यावर चपलेचे टोक टेकवून ते म्हणाले, “डागडुजी करत बसलो तर धोकादायक कशी ठरेल? पावसाला त्याचं काम करू दे.”

त्या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी लवू लवकर गावी गेला. आल्यावर गच्चीचे पाहू, असे त्याने ठरवले होते. तो गेलेला असताना विद्याधररावांनी दोन कामे उरकली. पहिले, पूर्वेच्या कोपऱ्यातला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भिंतीवरचा, माझा जुना भाग काढून तिथे नवा गुळगुळीत वाटा करून घेतला. टाकीच्या मागे असल्यामुळे तो सहज दिसत नसे. पावसाला त्याचे काम करू द्यायचे होते, पण दुसऱ्याच्या भिंतीत. दुसरे, गच्चीच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

लवू गावाहून आला तो पिशवीत सिमेंट आणि हातात थापी घेऊनच चौथ्या मजल्यावरून वर चढला. एवढ्या पायऱ्यांतही त्याला धाप लागली होती. कुलूप पाहून त्याने विद्याधररावांना हाक मारली. ते वर आले, पण किल्ली घेऊन आले नाहीत. दारापलीकडचे सगळे बोलणे मला ऐकू येत होते.

“साहेब, सिमेंट माझं, हात माझे,” लवू म्हणाला. “किल्ली तेवढी द्या. दुपारपर्यंत आणून देतो.”

विद्याधररावांनी त्याला शांतपणे समजावले, की गच्ची सोसायटीची आहे, एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच घमेली घेऊन वर येतील. आणि पुढच्या वर्षी पाडायचीच आहे, मग मलमपट्टी कशाला?

“पण भिंत यंदाच ओली होणार ना, साहेब.”

“मग पलंग हलव,” विद्याधरराव म्हणाले.

 लवूचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग तो सिमेंटची पिशवी घेऊन खाली उतरला. उत्तरा आपल्या दारात उभी होती आणि तिने सगळे ऐकले होते. तिने दार हळूच लोटून घेतले.

पाऊस आला. मी त्याला अडवले नाही असे नाही, पण फुटक्या वाट्याने काय अडवायचे? आधी एक थेंब आत गेला, मग त्याने बाकीच्यांना बोलावले. तड्याचा एक दोष असा, की तो दोन्हीकडून उघडा असतो. पाणी आत जाते आणि आतले आवाज वर येतात. मला लवूची खोली ऐकू येऊ लागली. भिंतीचे पोपडे पडण्याचा आवाज, रत्नप्रभा फडक्याने बुरशी पुसत असल्याचा आवाज, दिवसरात्र गरगरणाऱ्या पंख्याचा आवाज, आणि त्या सगळ्यांतून लवूचा श्वास. पलंग हलवून पाहिला. पण दोन खोल्यांच्या घरात पलंग हलवून हलवून कुठे जाणार? बाहेरच्या खोलीत रात्रपाळी करून आलेली श्रुतिका दिवसा झोपे. लवू पुन्हा त्याच भिंतीशी येऊन पडला.

श्रुतिका कमिटीकडे गेली. विद्याधररावांनी तिला प्रेमाने बसवले आणि भिंतीचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सांगितले. तिने टाकले. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रे पाठवली. विद्याधररावांनी मात्र ते फोटो जपून ठेवले, कारण इमारत वाईट आहे हे दाखवायला ते उपयोगी होते. पोरगी बापाच्या श्वासासाठी फोटो काढत होती आणि ते टॉवरच्या पायाभरणीत चालले होते.

श्रावणाची झड लागली होती तेव्हा खालचा श्वास थांबला. आधी तो खूप जोरात येत होता, मग येईनासा झाला. रत्नप्रभाने दोनदा त्याचे नाव घेतले. तिने त्याला नावाने हाक मारलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी एक म्हण आहे. ती मी त्या दहा दिवसांत जिन्यात उभी राहिलेली ऐकली. लवूसारखा माणूस होणे नाही. अर्ध्या रात्री फ्यूज गेला तरी धावून यायचा. कुणाचे मन मोडायचा नाही. हेच लोक महिन्यापूर्वी त्याच्या श्रुतिकाला हात जोडून मोकळे झाले होते.

दहाव्या दिवशी मुंबईत पाणी तुंबले. घाटावर जाणे शक्य नव्हते. भटजी म्हणाले की पिंडदान गच्चीवर करू, कावळे तिथेही येतात. श्रुतिका विद्याधररावांच्या दारी किल्ली मागायला गेली. आणि मित्रांनो, त्यांनी ती लगेच दिली. नियम सांगितला नाही, सगळे घमेली घेऊन येतील म्हणाले नाहीत. स्वतः पुढे होऊन त्यांनी कुलूप काढले, दार धरून उभे राहिले आणि पाय घसरेल हो, जपून, असे सगळ्यांना सांगत राहिले. जिवंत लवूला एका सकाळपुरती न मिळालेली किल्ली मेलेल्या लवूला मागताक्षणी मिळाली. त्या दिवशी मला माणसांचा जो तिटकारा आला, तो अजून गेलेला नाही.

पाऊस जरा उघडला होता. माझ्या कोपऱ्यात, कठड्याशी, पत्रावळीवर पिंड ठेवले. सगळे हात जोडून उभे राहिले. टाकीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. तुम्हाला ही रीत ठाऊक असेल. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असे समजतात आणि कुणीतरी ती पुरी करायचे वचन देते. श्रुतिका म्हणाली, मी आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. गावाहून आलेला चुलतभाऊ म्हणाला, श्रुतिकाच्या लग्नाचे आम्ही पाहू. कावळा हलला नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला दर्भ हुडकू लागले. तेव्हा रत्नप्रभा विद्याधररावांकडे वळली.

“तेंचो जीव खंय अडकलो हा, तां तुमकां ठावक हा,” ती म्हणाली. “तुमीच सांगा तेंका.”

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. विद्याधररावांनी घसा साफ केला, हात जोडले आणि कठड्याकडे पाहात म्हणाले, “लवू, पाऊस ओसरला की तुझ्या भिंतीवरचा वाटा दुरुस्त करून देईन. सर्वांसमोर सांगतो.” एवढे बोलून ते दोन पावले मागे सरले आणि त्यांच्याबरोबर बाकीचेही सरले. टाकीवरचा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. रत्नप्रभाने पदर तोंडाला लावला.

आता कावळ्याचे खरे कारण मी सांगतो. तो मघापासून तयारच होता. माणसे पिंडाला खेटून उभी होती म्हणून येत नव्हता, ती मागे सरली म्हणून आला. पण रत्नप्रभाने त्या वचनावर विश्वास ठेवला. ज्या माणसाने नवऱ्याला किल्ली दिली नाही, त्याच माणसाच्या शब्दावर तिने तो ठेवला.

सगळे खाली गेले, विद्याधररावांनी कुलूप लावले. पत्रावळ आणि भात तिथेच राहिला, तो उचलायला कुणी परत आले नाही. संध्याकाळच्या सरीत पत्रावळ वाहात गेली आणि पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर जाऊन बसली. पाणी तुंबले, घोट्याएवढे झाले आणि सगळे माझ्या तड्यातून लवूच्या भिंतीत उतरले. लवूच्या नावाचा भात लवूच्याच घरात पाणी भरून गेला.

पाऊस ओसरल्यावर रत्नप्रभाने विद्याधररावांना आठवण केली. आता पाऊसच नाही तर घाई कसली, असे ते म्हणाले. थंडीत तिने पुन्हा आठवण केली. इंजिनीयर तपासायला येणार आहेत, ते येऊन जाऊ देत, असे ते म्हणाले. इंजिनीयर आले. त्यांनी छोट्या हातोडीने मला जागोजागी ठोकून पाहिले आणि सांगितले की पश्चिमेचा कोपरा खराब आहे, पण बाकी इमारत ठणठणीत आहे. कोपरा दुरुस्त करा, अजून पुष्कळ वर्षे जातील. मित्रांनो, आपली इमारत ठणठणीत आहे हे ऐकून इतके उतरलेले तोंड मी दुसरे पाहिलेले नाही. विद्याधररावांनी तो निकाल कुणाला सांगितला नाही आणि कोपराही दुरुस्त केला नाही.

पुन्हा मे आला. एका दुपारी विद्याधरराव कुठे बाहेर गेलेले असताना गच्चीच्या दारात किल्ली फिरली. उत्तरा होती, आणि तिच्यामागे रत्नप्रभा. रत्नप्रभाच्या एका हातात पाण्याची बादली होती, काखेत घमेले होते आणि घमेल्यात सिमेंटची नवी पिशवी, थोडी वाळू, लवूची थापी, छिन्नी आणि हातोडा.

“वहिनी, हे संध्याकाळपर्यंत येत नाहीत,” उत्तरा म्हणाली. “भाऊजींची भिंत नीट करून घ्या. मी तेव्हाच द्यायला हवी होती किल्ली. मी दारातच उभी होते.”

रत्नप्रभाने उत्तराचा हात धरला. उत्तरा डोळे पुसत खाली गेली. मला वाटले, चला, या इमारतीत एकात तरी माणूसपण आहे. मला इतके बरे वाटले की मी पाऊस विसरलो.

रत्नप्रभाने लवूला हे काम करताना इतकी वर्षे पाहिले होते. तिने माझा पोकळ झालेला भाग छिन्नीने काढला, कचरा झाडला, घमेल्यात सिमेंट आणि वाळू कालवली. पाणी कमी पडले म्हणून ती टाकीच्या नळावर गेली. नळ टाकीच्या मागच्या बाजूला होता. बादली नळाखाली ठेवून ती वळली आणि तिला पूर्वेच्या कोपऱ्यातला नवा वाटा दिसला.

ती खाली बसली. तिने त्यावरून हात फिरवला. एकही तडा नव्हता. बादली भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही. तो वाटा कधी केला असेल, कुणी करवून घेतला असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. किल्ली एकाच माणसाकडे होती. त्या भिंतीखाली उत्तराचा पलंग आहे, हेही तिला माहीत होते. हळदीकुंकवाला गेली की ती त्याच पलंगावर बसत असे.

ती उठली आणि हातोडा घेऊन आली. पहिला घाव पडला तेव्हा, खरे सांगतो, मला आनंद झाला. तो नवा तुकडा मला कधीच आपला वाटला नव्हता. दुसऱ्या घावाला तो फुटला. पण ती थांबली नाही. ती कोपरा फोडत गेली, कठडा आणि जमीन यांच्यामधली फट उघडी पडेपर्यंत फोडत गेली, आणि मग फट दिसत असतानाही फोडत राहिली. तेव्हा मात्र माझा आनंद संपला. तिने तुकडे गोळा करून टाकीखाली लोटले. परत येईतो घमेल्यातला माल घट्ट झाला होता. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. घमेले आणि थापी तिथेच टाकून ती खाली गेली. आपली भिंत तिने तशीच ठेवली.

दारात उत्तराने विचारले, झाले का काम? रत्नप्रभा झाले म्हणाली. उत्तरा म्हणाली, “आता भाऊजींना बरं वाटेल.”

त्या पावसाळ्यात मी दोन्हीकडून ऐकत होतो. पश्चिमेला रत्नप्रभाचे फडके, पूर्वेला उत्तराचे कण्हणे. उत्तराला सांधेदुखी होती. ओलीने तिची बोटे वाकली, तिला वाटी धरता येईना. किल्लीचे तिने नवऱ्याला अखेरपर्यंत सांगितले नाही. एका दुपारी तिने रत्नप्रभाला बोलावून खोलीत नेले आणि भिंत दाखवली.

“मी किल्ली दुरुस्तीसाठी दिली होती, वहिनी,” ती म्हणाली.

“माका ठावक हा,” रत्नप्रभा म्हणाली. “तेंच्या उशाक पण अशीच भिंत होती.”

 त्या दिवशी उत्तराने तिच्यासाठी चहा टाकला नाही. पुढे दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तरी भिंतीकडे पाहात उतरत.

मला वाटले होते, विद्याधरराव चिडतील, गवंडी आणतील. कोपरा फुटल्याच्या दुसऱ्याच सकाळी ते फेऱ्या मारायला वर आले, फुटलेला कोपरा पाहिला, माझ्या कोपऱ्यात पडलेले घमेले आणि थापी पाहिली. त्यांना सगळे समजले. आणि ते हसले. त्यांनी खिशातून मोबाइल काढून कोपऱ्याचे फोटो घेतले, टाकीचे खांब आणि फट एकत्र येतील असे घेतले. त्यांनी तिथे काहीही भरले नाही. सगळा पावसाळा टाकीच्या पायाशी पाणी मुरू दिले, उत्तराच्या पलंगामागून मुरू दिले. पावसाळा संपल्यावर इंजिनीयर पुन्हा आले. या वेळी त्यांनी हातोडी एकदाच मारली. टाकीखालचा कोपरा खचतो आहे, टाकी कोसळू शकते, इमारत धोकादायक आहे, असे त्यांनी सांगितले. इतकी वर्षे विद्याधररावांना जे जमले नव्हते, ते रत्नप्रभाने एका दुपारी करून दिले होते.

सगळ्यांना घरे रिकामी करायला सांगितले. गच्चीचे कुलूप काढून टाकले, कारण आता कुणी वर गेले काय आणि न गेले काय. जायच्या दिवशी रत्नप्रभा लवूचे सामान घ्यायला वर आली. विद्याधरराव तिथेच होते. त्यांनी थापी उचलली, रुमालाने पुसली आणि तिच्या हातात दिली.

“रत्नप्रभा,” ते नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, “सोसायटीवर तुझे उपकार झाले. तू तो कोपरा फोडला नसतास तर आम्ही अजून वाट पाहात बसलो असतो.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती माझ्यापाशी खाली बसली. घमेल्यातला दगड झालेला माल ती थापीने उकरू लागली, जणू अजून वेळ गेलेली नाही. थापीचे टोक वाकले. श्रुतिका वर आली आणि तिला धरून खाली घेऊन गेली. लवूने ज्या घराच्या भिंतीसाठी किल्ली मागितली होती, ते घर त्याच्या बायकोनेच आपल्या हाताने घालवले होते. हे तिला तिच्या वैऱ्याच्या तोंडून, आभार म्हणून, ऐकावे लागले.

आता ‘शेजारसुख’ रिकामी आहे. बिल्डर आला नाही. तो दुसऱ्याच कुठल्या भानगडीत अडकला आणि लोकांना बाहेर राहायला तो देत असलेले भाडेही थांबले. रत्नप्रभा आणि श्रुतिका जोगेश्वरीला चुलतभावाच्या खोलीत राहतात असे मी खालच्या वॉचमनच्या तोंडून ऐकले. विद्याधरराव आणि उत्तरा लांब कुठेतरी भाड्याने राहतात, तिथेही वरून गळते म्हणे. मला त्याचे काही सुख वाटत नाही. माझ्या तड्यात पिंपळ उगवला आहे. तो हळूहळू मला दोन बाजूंना सारतो आहे. घमेले अजून तिथेच आहे, त्यात पावसाचे पाणी साचते आणि कावळे येऊन पितात. इमारत पाडायची मात्र अजून पुढच्याच वर्षी आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी बोध द्यायचा असतो. वाट्यांची काळजी घ्या, पावसाळ्याआधी तडे भरा, जाळीवरचा कचरा काढा, हे सगळे मी सांगू शकतो. ते खरेच आहे आणि तुम्ही ते करणार नाही. म्हणून एकच मागतो. एखाद्या मे महिन्यात कुणीतरी धापा टाकत तुमच्या दारी येईल. त्याच्या हातात सिमेंटची पिशवी आणि थापी असेल आणि तो गच्चीची किल्ली मागेल. तेव्हाच द्या. दहाव्या दिवशी ती सगळेच देतात.